सव्वादहाचा दहाचा तास
वर एकाने विचारलंय की एका सेमिस्टरसाठी बर्लिनला जाताना काय माहीत असलेलं बरं. बँक, विमा यावर इथे भरपूर लिहून झालंय, ते सोडून देतो.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, 'आनमेल्डुंग'. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो. तो किल्ल्या घेतानाच मागून घ्या. मी नंतर मागू म्हटलं, तोवर मालक सुट्टीवर गेलेले!

खरी गंमत विद्यापीठात. वेळापत्रकात दहा, मी दहाला पाच कमी असतानाच हजर, आणि वर्गात चिटपाखरू नाही. इमारत चुकली समजून दोन मजले खालीवर धावलो. घामाघूम होऊन परत आलो तर सव्वादहाला सगळे निवांत येऊन बसत होते. वेळेपुढे 'सी. टी.' लिहिलं असेल तर तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो, 'एस. टी.' असेल तर ठोक्याला. हे कुणी सांगत नाही, कारण त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही. तास संपला की टाळ्या नाहीत, सगळे बाकावर मुठीने टकटक करतात. पहिल्यांदा मला वाटलं, मुलं सरांवर चिडलीत.

रविवारी मोठ्या स्टेशनांतली सोडून बहुतेक दुकानं बंद. शनिवारीच भरून ठेवा.

आणि पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या फेकू नका, एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. सुपरमार्केटातल्या यंत्रात टाकल्या की चिठ्ठी मिळते, ती काउंटरवर द्यायची. मी महिनाभर इमानेइतबारे कचऱ्यात टाकत होतो.