सवाल कापू नका

रीलमुळे शक्ती-तुरा, म्हणजे कोकणातल्या जाखडी नाच-गाण्याचा शक्ती आणि तुरा या दोन पक्षांतला सामना, नव्या पोरांपर्यंत पोचला असं म्हणतात, ते खरंच आहे. आमच्या भांडुपच्या चाळीतली मुलं आता गवळणीवर ठेका धरतात. पण तीस सेकंदांत पोचतो तो नुसता नाच, म्हणजे घुंगरू, फेर आणि ढोलकीची थाप. जाखडीचा जीव आहे सवाल-जवाबात. एक शाहीर पुराणातलं कोडं घालतो आणि समोरच्याला ते गाण्यातूनच सोडवावं लागतं.

गेल्या वर्षी परळच्या एका सामन्यातला तुरेवाल्यांचा नुसता जवाब मी नेटवर टाकला. खाली कमेंटमध्ये गुहागरकडच्या एका आजोबांनी विचारलं, "बाळा, सवाल कुठाय?" फार लागलं मनाला. मग सवाल-जवाब सलग जोडून पूर्ण बावीस मिनिटं चढवली. वर्णनात दोन्ही शाहिरांची, त्यांच्या गुरूंची, गावांची नावं घातली, ढोलकीवाल्याचंसुद्धा. शेवटच्या कडव्यात शाहिराची नाममुद्रा, म्हणजे गाण्यात गुंफलेलं त्याचं नाव, येते, ती तर कधीच कापू नका. बघणारे कमी झाले, पण शेवटपर्यंत ऐकतात. आवाजात विरलेली एक ओळ त्याच आजोबांनी वहीच्या पानावर लिहून फोटो पाठवला.