मदत हवी आहे: पहिली रोडबाइक, बजेट २८ हजार, उंची साडेपाच फूट (पुणे)

नमस्कार मंडळी,

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मूळचा कराडचा, पुण्यात धायरीला दोन मित्रांबरोबर खोली करून राहतो. कॉलेज शिवाजीनगरला, म्हणजे एका बाजूने बारा-तेरा किलोमीटर. गेली दोन वर्षं मामाची जुनी एमटीबी (माउंटन बाइक) वापरतोय. पुढे सस्पेन्शन, जाड टायर, वजनाचं तर विचारूच नका. तिच्यावर रविवारी खडकवासल्याला जाऊन कणीस खाऊन परत येणं जमतं. मागच्या महिन्यात तिलाच घेऊन सिंहगड चढायला गेलो आणि तिसऱ्या किलोमीटरपासून ढकलत नेली. शेजारून पन्नाशीचे एक काका पातळ टायरच्या सायकलवर "चल बाळा, येतंय वर" म्हणत निघून गेले. तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय.

शिकवण्या घेऊन २८ हजार जमवलेत. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "त्यात थोडे घाल, जुनी स्प्लेंडर येते." चुकीचं काही बोलले नाहीत, पण मला सायकलच हवी आहे. रोज कॉलेज, महिन्यातून दोनदा सिंहगड किंवा कात्रजचा जुना घाट, आणि वर्षभरात २०० किलोमीटरची एक ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी), असा बेत आहे.

सध्या समोर तीन सायकली आहेत.

एक नवी रोडबाइक (वाकडं हँडल, पातळ टायर), २५ हजार. पुढे एकच चेनव्हील ४४ दात्यांचं, मागे सात गिअर, सर्वांत मोठं २८ दात्यांचं. दुसरी बाणेरला एका आयटीवाल्यांची, सहा वर्षं जुनी, पुढे दोन चेनव्हील ५० आणि ३४ दात्यांची, मागे आठ गिअर ११ ते ३२ दात्यांचे, गिअरसेट शिमानोचा क्लॅरिस. २४ हजार सांगतात. फ्रेम ५६ सेमीची आहे. तिसरी सरळ हँडलची नवी हायब्रिड, १८ हजार.

दुकानदार म्हणाला, साइजचं टेन्शन घेऊ नका, सीट वरखाली होते. खरंच तसं असतं का? माझी उंची १६८ सेमी, वजन ५८ किलो.

घाटवेडा:

नाही, तसं नसतं. सीट वरखाली होते, फ्रेमची लांबी कमी होत नाही. ५६ ची फ्रेम पावणेसहा-सहा फुटी माणसाची. तू सीट खाली घेशील, पण हँडल तुझ्यापासून हातभर लांबच राहील. मग स्टेम (हँडल पुढे धरणारा तुकडा) छोटा लावा, सीट पुढे सरकवा असे उद्योग सुरू होतात आणि दोन महिन्यांत मान आणि तळहात बोंब मारायला लागतात. बाणेरची सायकल कितीही स्वस्त झाली तरी सोडून दे.

घरी माप घे. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभा राहा, जाडसं पुस्तक पायांच्या मध्ये सायकलच्या सीटसारखं घट्ट वर दाब आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोज. ते माप ०.६७ ने गुणलं की फ्रेमचा अंदाज येतो. तेच ०.८८३ ने गुणलं की क्रँकच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या भागाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. हे काही ब्रह्मवाक्य नाही, पण दुकानदाराच्या नजरेपेक्षा बरं.

धागाकर्ता:

मोजलं. ७८ सेमी आलं. म्हणजे फ्रेम ५२ च्या आसपास आणि सीट ६९. बाणेरकरांना नाही कळवून टाकतो. मग नवीच घेऊ का? २५ हजारांत कोरी करकरीत आहे आणि रंगही भारी आहे.

घाटवेडा:

रंगावर जाऊ नकोस, दाते मोज. इंजिनिअर ना तू?

४४ भागिले २८ म्हणजे १.५७. पेडलचा एक फेरा मारलास की मागचं चाक दीड फेऱ्याहून जास्त फिरणार. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. मिनिटाला साठ फेरे मारायचे तर वेग ताशी १२ किलोमीटर पडतो. सिंहगडाचा घाट नऊएक किलोमीटरचा, चढ सरासरी सहा-सात टक्के आणि काही वळणांवर चांगलाच अंगावर येणारा. बाराच्या वेगाने चढायचं म्हणजे पाऊण तासात वर. पाऊण तासात जाणारे लोक तुझ्यासारखे धागे काढत नाहीत. तू सातच्या वेगाने जाशील, म्हणजे मिनिटाला पस्तीस फेरे, प्रत्येक फेऱ्याला उभं राहून पेडल दाबायचं. गुडघे जातील.

आता बाणेरच्या सायकलीचं ३४ भागिले ३२ कर. १.०६. त्याच साठ फेऱ्यांना वेग ताशी ८ किलोमीटर. बसल्या बसल्या, श्वास सांभाळत सव्वा तासाच्या आत वर पोचशील. त्या काकांकडे बहुतेक हेच होतं.

म्हणून बाणेरच्या सायकलीचे गिअर आणि तुझ्या मापाची फ्रेम, असं काहीतरी शोध. क्लॅरिस पुरे. त्याच्या वर शिमानोच्याच सोरा, टियाग्रा, १०५ अशी उतरंड आहे, पण तुझ्या बजेटात त्यांच्या नादाला लागू नकोस.

निवांत_पेडल:

माझं मत जरा वेगळं. रोज सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून जायचं तर हायब्रिडच घे. सरळ हँडल, ब्रेक सतत हाताशी, ३५ मिमी रुंदीचे टायर, खड्ड्यांत जीव वाचतो. दहा हजार उरतील ते वेगळंच. रोडबाइक हे रविवारचं कौतुक आहे. माझी तीन वर्षं बाल्कनीत उभी आहे, तिच्यावर मोगऱ्याचा वेल चढलाय.

सकाळची_फेरी:

निवांतदादा, मोगऱ्याचा फोटो टाका :)

मी नाशिकची. तीन वर्षांपूर्वी हायब्रिडवर २०० ची ब्रेव्हे केली, त्यामुळे होत नाही असं म्हणणार नाही. साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून सरासरी १५ च्या आत आलं तरी पुरतं. पण सरळ हँडलवर हात ठेवायला एकच जागा. शंभरनंतर बोटं बधिर झाली आणि परतीला समोरून वारा सुटला तेव्हा शिडासारखी उभी होते मी. खाली वाकायलाच जागा नाही. पुढची सायकल वाकड्या हँडलची घेतली ती या एका कारणासाठी, वेगासाठी नाही.

तुझा ब्रेव्हेचा बेत खरा असेल तर रोडबाइक घे. फक्त २८ चे टायर बसतील अशी बघ. जुन्या फ्रेममध्ये कधीकधी २५ च्या वर बसत नाही. आणि टायरवर लिहिलेली हवा ही कमाल असते, तितकी भरायचीच असं नाही. तुझ्या वजनाला २८ मध्ये ७० पीएसआय खूप झाले. फार कमीही ठेवू नकोस, खड्ड्यात रिम ट्यूबला चावते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात.

सगळे २८ हजार सायकलवर उडवू नकोस हं. हेल्मेट दीड हजार, उभा पंप नऊशे, दोन ट्यूब सहाशे, पुढचा-मागचा दिवा आठशे, कुलूप सातशे. हे साडेचार बाजूला काढ. म्हणजे सायकलला साडेतेवीस. आणि चिमटीत बसेल एवढा पितळी ॲडॉप्टर घे. या सायकलींचा वॉल्व्ह बारीक असतो, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. मी हे शिकले ते घोटीजवळ भर उन्हात.

छर्रे_आणि_ग्रीस:

सांगलीत वडिलांचं सायकलचं दुकान आहे, मीही तिथेच वाढलो. जुनी बघायला जाशील तेव्हा असं कर.

आधी सायकल उलटी कर आणि फ्रेमचा नंबर बघ, बहुतेक वेळा क्रँकच्या खाली ठोकलेला असतो. मालकाकडे बिल असेल तर जुळव. नंबर खरवडलेला असेल तर चहासुद्धा न घेता निघ.

मग चाक फिरव. ब्रेकच्या रबराजवळ नजर ठेव, डावीकडे-उजवीकडे लचकत असेल तर आउट आहे. थोडी आउट काढता येते, तारा आवळायचं काम. पण रिमच्या बाजूवर बोट फिरव. मधे खोलगट लागलं तर ब्रेकने रिम खाल्लंय, ते चाक बदलावंच लागणार. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलव, हँडलच्या मुळाशी टकटक झालं तर बेअरिंग सैल. क्रँक हाताने आडवी हलव, खेळ असेल तर तिथलंही काम आहे. ही दोन्ही खर्चाची कामं खरी, पण करण्यासारखी, भाव पाडायला उपयोगी.

न करण्यासारखं एकच: ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तडा. हँडलखाली जिथे नळ्या जुळतात तिथे आणि क्रँकच्या आसपास फडक्याने पुसून बघ. रंगावर केसासारखी रेष दिसली तर विश्वास ठेवू नकोस. सीटची नळी काढून बघायलाही लाव. वर्षानुवर्षं न हलवलेली नळी आत जाम होते आणि मग सीटची उंची मालकाचीच राहते, तुझी नाही.

चेन फार झिजली असेल तर मागची कॅसेटही (दात्यांच्या चकत्यांचा संच) बदलावी लागेल असं धरून चाल. नवी चेन जुन्या दात्यांवर उड्या मारते.

जाता जाता, ती सात गिअरची नवी सायकल मीही सुचवणार नाही. त्या वर्गात मागे बहुधा फ्रीव्हील (चाकावर आट्यांनी बसवलेला जुन्या पद्धतीचा संच) असतं, कॅसेट नसते. त्यात एक्सलचा (चाकाच्या आसाचा) उजवा भाग बेअरिंगपासून बराच बाहेर राहतो, आणि आमच्याकडे वाकलेल्या एक्सलच्या सायकली आल्या की दहातल्या बऱ्याचशा तशाच.

धागाकर्ता (अकरा दिवसांनी):

सगळ्यांचे मनापासून आभार. घेतली!

चिंचवडला एका ताईंची होती, ५२ ची फ्रेम, क्लॅरिस, ५०-३४, मागे ११-३२. चार वर्षं जुनी. बिल होतं, नंबर जुळला. २२ सांगत होत्या. छर्रेदादांनी सांगितलेलं सगळं केलं, अगदी सीटची नळीसुद्धा काढली. त्या म्हणाल्या, "सायकल घेतोयस की मुलगी बघायला आलायस?" मागच्या चाकाला आउट होती आणि चेन संपली होती, म्हणून २०,५०० ला दिली. चेन बदलली, सुदैवाने कॅसेट ठीक निघाली. टायर सध्या २५ चेच आहेत.

काल सिंहगड. एक तास बावीस मिनिटं, दोनदा थांबलो, ढकलली नाही. वर पिठलं-भाकरी खाल्ली आणि उतरताना ब्रेक दाबून दाबून हात दुखले ते वेगळं. ते काका भेटले नाहीत.

आता नवी अडचण. चढावर जोर लावला की डाव्या पेडलच्या बाजूने प्रत्येक फेऱ्याला "टक्" असा आवाज येतो. सपाटीवर येत नाही. क्रँक हलवून बघितली, खेळ नाही. बेअरिंग गेलं का?

छर्रे_आणि_ग्रीस:

अभिनंदन रे! बेअरिंगला हात लावण्याआधी पेडल काढ, आटे पुसून घे, ग्रीस लाव आणि परत घट्ट बसव. निम्म्या वेळा आवाज तिथेच असतो. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे लक्षात ठेव, सोडवायला पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरव. आमच्याकडे एकाने पान्याला पाइप लावून उलटीकडे जोर काढला आणि आटे सोलून नवी क्रँक घेऊन घरी गेला. नाहीच गेला आवाज, तर चेनव्हीलचे बोल्ट आवळून इथे सांग.