गोळ्यांनंतर तीन आठवडे ब्लीडिंग: थांबायचं की पिशवी साफ करून घ्यायची?

खारूताई:
माझं मत आधीच सांगून टाकते, मग काय झोडपायचं ते झोडपा. गोळ्या घेऊन गर्भपात झाला आणि पंधरा-वीस दिवस अंगावर जात राहिलं की जी भेटेल ती एकच सांगते, आत काहीतरी राहिलंय, क्युरेटिंग करून घे, म्हणजे पिशवी आतून साफ करून घे. मलाही तेच. सतराव्या दिवशी सोनोग्राफी केली, रिपोर्टमध्ये गर्भाचे अवशेष असण्याची शक्यता, अस्तर १४ मिलिमीटर, आणि लगेच 'उद्या उपाशीपोटी या'. मी गेले नाही. तोपर्यंत दिवसाला दोन पॅडवर आलं होतं, ताप नाही, वास नाही, पोट दुखत नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी तपासलं, हिमोग्लोबिन बघितलं आणि म्हणाल्या आठवडाभर थांबू. चोविसाव्या दिवशी बंद. मिफेप्रिस्टोनच्या, म्हणजे गर्भपाताच्या पहिल्या गोळीच्या, माहितीपत्रकातच लिहिलंय की ब्लीडिंग नाहीतर स्पॉटिंग सरासरी ९ ते १६ दिवस चालतं, आणि शंभरातल्या आठेक जणींना तर ३० दिवस किंवा त्याहून जास्त. मग गोळ्या देतानाच हे का सांगत नाहीत? 'पाळीसारखं चार-पाच दिवस जाईल' सांगायचं आणि सहाव्या दिवसापासून बाई घाबरून अर्धी.

वळचण:
तुझं निभावलं म्हणून तू हे लिहितेयस, राग मानू नकोस. मीपण थांबले होते, पाच आठवडे. रोज स्वतःला सांगायचे आज कमी आहे. कमी नव्हतंच, मी पॅड मोजायचं सोडलं होतं एवढंच. मग जिना चढताना धाप लागायला लागली, तपासलं तर हिमोग्लोबिन सातच्या खाली. आत खरंच अवशेष अडकले होते, व्हॅक्युमने काढले, काही मिनिटांचं काम, आणि दोन दिवसांत ब्लीडिंग थांबलं. पण तोवर रक्त चढवायची वेळ आली होती. त्यामुळे कोणी 'आपोआप थांबतं ग' म्हणालं की माझं डोकं फिरतं.

खारूताई:
अगं पण मी तपासणी न करता थांबा असं कुठे म्हटलंय? मी सोनोग्राफी केली, हिमोग्लोबिन केलं, मग थांबले. तू तपासायलाच गेली नाहीस. दोन वेगळ्या गोष्टी आहेत या.

वळचण:
कागदावर वेगळ्या असतात. जी आधीच कोणाला न सांगता गोळ्या घेते ती तपासायला कधी जाते ते मला विचार.

स्टेथोवाली:
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, आणि इथे खारूताईच्या बाजूने आहे, थोडं लांबण लागेल. गोळ्यांनंतर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी केली तर बहुतेकींच्या पिशवीत काही ना काही दिसतंच, रक्ताच्या गाठी असतात, अस्तराचे तुकडे असतात, ते पाळीसारखे पडून जायचे असतात. नुसत्या अस्तराच्या जाडीवरून क्युरेटिंग ठरवायचं नसतं, समोरच्या बाईकडे बघायचं असतं. गर्भाची थैली तशीच आहे किंवा गर्भ वाढतोय तर गोष्ट निराळी. थैली नाही, ब्लीडिंग उतरतंय, ताप नाही, तर थांबता येतं. थांबायचं नसेल तर मिसोप्रोस्टॉलचा, म्हणजे गर्भपाताच्या दुसऱ्या गोळीचा, आणखी एक डोस देऊन बघता येतो. त्यानेही नाही झालं किंवा ब्लीडिंग जोरात आहे तर व्हॅक्युम. आणि ती जुनी धातूची चमच्यासारखी क्युरेट घेऊन खरवडणं, ते जागतिक आरोग्य संघटना करू नका म्हणते, तरी लोक सवयीने करतात. वारंवार खरवडलं तर पिशवी आतून चिकटू शकते, पुढे पाळी कमी येते, दिवस राहायला त्रास होतो.

दिवस नका मोजू, पॅड मोजा. तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजतायत आणि सलग दोन तास हेच चाललंय, तर रात्र असो की पहाट, निघायचं. ही थांबण्याची वेळ नव्हे.

तिरकस:
डॉक्टरांना झोडणं सोपं असतं हो. पेशंट परत येईल याची खात्री नसते, आज 'थांबा' म्हटलं आणि ती महिन्याभराने सेप्टिक होऊन आली तर नाव कोणाचं जाणार? म्हणून समोर आहे तोवर साफ करून मोकळे होतात. बरोबर आहे असं नाही म्हणत, पण का होतं तेपण बघा.

स्टेथोवाली:
कारण खरं आहे, मान्य. पण आपल्या धास्तीपायी दुसरीची पिशवी खरवडायची हे काही मला पटत नाही.

पाऊसपाणी:
मध्येच विचारते, ब्लीडिंग थांबवायची गोळी घेतली तर? बहिणीने ट्रॅनेक्सामिक आपल्या मनानेच सुरू केली होती, मेथर्जिनपण कोणीतरी सुचवलं.

स्टेथोवाली:
ट्रॅनेक्सामिकने झालेली गाठ टिकते म्हणून रक्त कमी जातं, पण आत अडकलेला तुकडा त्याने बाहेर पडत नाही. वरून सगळं शांत आणि आत कारण तसंच. पायात किंवा फुफ्फुसात कधी गुठळी झाली असेल तिने तर मनाने घेऊच नये. मेथर्जिन पिशवी आवळतं पण बीपी वाढवतं, ज्यांचं आधीच जास्त आहे त्यांना चालत नाही. आधी कारण, मग गोळी. लोहाच्या गोळ्यांबद्दल मात्र कोणी विचारत नाही, खरं तर दोन-तीन आठवडे रक्त गेल्यावर त्यांचीच जास्त गरज असते.

वळचण:
आणि ते पट्टीवर दोन रेघा येतात त्याचं काय? माझ्या मैत्रिणीने दहाव्या दिवशी टेस्ट केली, पॉझिटिव्ह, पोरगी रडून रडून बेजार.

स्टेथोवाली:
दहाव्या दिवशी करायचीच नाही. गरोदरपणाचं हॉर्मोन रक्तातून जायला वेळ लागतो, चार आठवड्यांपर्यंत पट्टी पॉझिटिव्ह दाखवू शकते. त्यानंतरही दाखवली तर या. घाई असेल तर रक्तातली बीटा एचसीजी, म्हणजे त्याच हॉर्मोनची तपासणी, करतात, आधीच्या आकड्याच्या तुलनेत आठवड्यात ८० टक्के उतरली की काम झालंय असं धरतात.

मुकी बाहुली:
एवढे दिवस वाचत होते, आज लिहिते. मी सोनोग्राफी न करता गोळ्या घेतल्या. ब्लीडिंग झालं, फार नाही, थोडं थोडं चालू राहिलं तीन आठवडे. मला वाटलं अवशेष असतील, पडतील हळूहळू, तुम्ही म्हणता तशी पॅड मोजत होते, दिवसाला जेमतेम एक. मग एका संध्याकाळी एका बाजूला दुखायला लागलं, खांद्यात कळ, चक्कर, घाम, आडवी पडले ती उठलेच नाही. गर्भ नळीत होता आणि नळी फुटली होती. या गोळ्या नळीतल्या गर्भावर चालतच नाहीत हे मला ऑपरेशननंतर कळलं. तेव्हा डॉक्टर मॅडम, पॅड मोजा म्हणताय ते ठीक, पण माझा पॅड कोरडाच होता आणि रक्त पोटात साठत होतं.

स्टेथोवाली:
हो. हे मी पहिल्याच उत्तरात लिहायला हवं होतं.

खारूताई:
वर माझ्या पोस्टमध्ये भर घालते, थांबायचा विचार त्यांनीच करायचा ज्यांच्या सोनोग्राफीत गर्भ पिशवीतच होता हे गोळ्यांच्या आधी दिसलंय. क्युरेटिंगबद्दल माझं मत तेच आहे.

वळचण:
माझंही तेच आहे. पण भर घातलीस ते बरं केलंस.