ग्रॅव्हिटीच्या ठिबकला मराठीत म्हणायचं काय? गुरुत्वीय की गुरुत्वाकर्षणीय?

चोपड्याला आमचं शेतीसामानाचं दुकान आहे. टाकी उंचावर ठेवायची आणि मोटरशिवाय ठिबक चालवायचं असा छोटा संच आलाय, परसबागेला वगैरे, त्याचं पत्रक मी स्वतःच मराठीत टाईप केलं आणि वर ठोकून दिलं 'गुरुत्वाकर्षणीय ठिबक संच'. पहिल्याच दिवशी एका आबांनी चष्मा वर करून ते अक्षर अक्षर वाचलं नि म्हणे, "हाऊ कोणता गुरू शे भो?" भाची दहावीला आहे, ती म्हणते मामा 'गुरुत्वीय' लिहा. बरोबर कोणतं?

— भाची बरोबर आहे दादा. गुरु म्हणजे जड, छंदातल्या लघु-गुरूमधला. गुरुत्व म्हणजे जडपणा, त्याला 'ईय' लागला की गुरुत्वीय, भारतचं भारतीय होतं तसं. तुमच्या शब्दात शेवटी 'णीय' आला ना, तिथे घोळ होतो, कारण रमणीय, आदरणीय डोक्यात असतात, म्हणून 'आकर्षणीय' वाचलं की ओढण्याजोगं काहीतरी असा अर्थ लागतो. आणि गुरुत्व, गुरुत्वीय हे सगळीकडे अदलाबदल करू नका बरं का. 2015 ला अवकाशातून आलेल्या सापडल्या त्या गुरुत्वीय लहरी, नुसत्या गुरुत्व लहरी म्हणजे पाण्यातल्या, हवेतल्या, त्या वेगळ्या.

— आबांचा प्रश्न भारी आहे 😄 चाळीसगावजवळ पाटण्याला शिलालेख आहे बघा, भास्कराचार्यांच्या नातवाने मठ काढला त्याचा. त्या भास्कराचार्यांनी 1150 मध्ये सिद्धांतशिरोमणीत लिहिलंय 'खस्थं गुरु', म्हणजे आकाशातली जड वस्तू, तिला पृथ्वी स्वतःकडे ओढते. आबांना सांगा, हाऊच गुरू शे.

— मी पाणीपुरवठ्याच्या कामांवर असतो. आमच्याकडे उंच टाकीतून आपोआप खाली येते ती गुरुत्ववाहिनी, पंपाने वर चढवते ती ऊर्ध्ववाहिनी. 'गुरुत्वीय वाहिनी' कोणी म्हणत नाही, जोडशब्द असला की ईय गळतोच, गुरुत्वमध्य बघा ना. पाटबंधाऱ्यात तर गुरुत्व पण नाही, तिथे प्रवाही सिंचन आणि उपसा सिंचन. पांझरा नदीवरचे फड, म्हणजे एका पाटावर भिजणारे शेतांचे गट, पिढ्यान् पिढ्या असेच भिजले, बंधाऱ्यातून पाट काढला की पाणी उताराने शेतात, मोटर नाही की ग्रॅव्हिटी शब्द नाही. बाकी शब्द कोणताही लावा पण प्रेशरचं खरं सांगा गिऱ्हाईकाला, 10 मीटर उंचीला साधारण 1 किलो प्रेशर मिळतं, तुमची टाकी 3 मीटरवर असेल तर 0.3 किलो, त्यात केळीचा अख्खा प्लॉट चालणार नाही.

— नाही हो, आम्ही पाच-सहा गुंठ्यांच्या वर देतच नाही. कालच आबा परत आले होते, त्यांनाच विचारलं तुम्ही काय म्हणाल, तर म्हणे "पानी उतारवर आपसुक जास, त्याले नाव कशाले?" आता मोठ्या अक्षरात 'उताराचं ठिबक, मोटर नको' आणि खाली बारीक गुरुत्वीय, भाचीसाठी.