सिंहगड धावत वर, धावत खाली: उताराचे अनुभव सांगा

पायथ्याच्या आतकरवाडीतून गडाच्या पुणे दरवाजापर्यंतची वाट जेमतेम पावणेतीन किलोमीटरची, पण तेवढ्यात सुमारे 600 मीटर चढ आहे. चालणाऱ्याला तास-दीड तास लागतो. रविवारी पहाटे आता इथे धावणारेही भरपूर दिसतात. कुणी सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा या लांब पल्ल्याच्या डोंगरी शर्यतीच्या तयारीत असतं, कुणी फक्त स्वतःच्या घड्याळाशी झुंजत असतं. चढाविषयी सगळेच बोलतात: दम किती लागला, नाडीचे ठोके कुठवर गेले, किती मिनिटांत पोचलो. उताराविषयी फारसं कुणी लिहीत नाही आणि पाय मुरगळतात ते तिथेच. म्हणून हा धागा. डोंगर कुठलाही चालेल.

सुरुवात मी करते. चढताना मी सगळी वाट धावत नाही. खडी चढण आली की गुडघ्यांवर हात, आखूड पावलं आणि सलग चाल. त्यानं श्वास ताब्यात राहतो आणि सपाटीचा तुकडा आला की लगेच पळता येतं. वर पोचल्यावर फार वेळ बसत नाही, अंग गार पडलं की पहिला उतार जड जातो. उतरताना नजर पायांवर न ठेवता तीन-चार पावलं पुढे ठेवायची, ही सवय लागायला मला एक अख्खा हिवाळा लागला. डोळ्यांनी जागा आधीच निवडलेली असते, पाय फक्त तिथे पडतात. हे जमलं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा उतार आवडला.

पायथ्याच्या गावातून

ताई, आम्ही शाळेच्या आधी आईबरोबर दही-ताक वर पोचवायचो आणि मोकळ्या हातानं पळत खाली यायचो. तेव्हा शिकलो ते सांगतो. फेब्रुवारीनंतर वाटेवर घसारा होतो, म्हणजे माती-मुरूम सुटा होऊन पाय घसरतो. घाबरून मागं रेललं की टाच आधी टेकते आणि मुरूम पायाखालून निघून जातो. अंग वाटेच्या उताराबरोबर थोडं पुढं, गुडघे सैल, पावलं लहान आणि भराभर. हजारो पायांनी घासून गुळगुळीत झालेला दगड टाळायचा, त्याच्या शेजारची खडबडीत जागा धरायची.

आणि एक कळकळीची विनंती. वर येणाऱ्या मावशीच्या डोक्यावर चुंबळ आणि त्यावर पाटी असते. तिला मान वळवता येत नाही, पटकन बाजूलाही होता येत नाही. लांबूनच आवाज द्या, जवळ आलात की चाला. ती वाट आधी तिच्या पोटापाण्याची आहे.

फिजिओथेरपिस्ट, पुणे

उतारानंतर मांड्या का धरतात ते लिहिते. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचं वजन पेलतो, ब्रेक लावल्यासारखा. त्यात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते, म्हणून दुखणं त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असतं. चांगली गोष्ट ही की एकदा थोडा उतार पचवला की पुढचे काही आठवडे तेवढाच उतार कमी दुखवतो. म्हणून पहिल्यांदा अर्ध्यापर्यंतच चढा आणि तिथूनच सावकाश धावत उतरा. घरी जिन्याच्या पायरीवरून एका पायानं हळू खाली टेकायचा व्यायाम फार उपयोगी. गुडघ्याच्या आत टोचल्यासारखं दुखलं, सूज आली, तर मात्र तपासून घ्या.

कळसूबाई, बारीच्या बाजूनं

1646 मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर. शिड्या येईपर्यंत धावा. शिड्यांवर नाही, उतरताना तोंड कातळाकडे आणि दोन्ही हात कठड्याला. नवरात्रात वाट देवीच्या भक्तांची असते, तेव्हा मी धावायला जातच नाही.

स्कॉटलंडहून

बेन नेव्हिस या इथल्या सर्वोच्च शिखराची उंची 1345 मीटर, म्हणजे आकड्यात सिंहगडाच्या जवळपास. पण आपला पायथाच 700 मीटरच्या आसपास आहे आणि इथली माथा गाठून परत येण्याची शर्यत फोर्ट विल्यम गावाजवळ जवळजवळ समुद्रसपाटीवरून सुटते. त्यामुळे सगळी उंची पायांनीच कमवावी लागते. वर-खाली मिळून साधारण 14 किलोमीटर. धावपटू केनी स्टुअर्ट यांनी 1984 साली या शर्यतीत 1 तास 25 मिनिटं 34 सेकंदांचा विक्रम केला. मी पहिल्यांदा काठावर उभं राहून बघितलं तेव्हा धावणारे दगडांच्या राशीतून ज्या विश्वासानं खाली येत होते, ते बघून अंगावर काटा आला. पायथ्याशी ऊन आणि माथ्यावर धुकं, गारठा हे इथे नेहमीचं, म्हणून पाऊस-वाऱ्याचं जाकीट जवळ असावंच लागतं. सह्याद्रीतही पावसाळ्यात ते कमरेला बांधून न्या.

नाशिक

बुटाची शेवटची भोकंही वापरून घोट्यापाशी नाडी घट्ट बांधा. पाऊल पुढे सरकत नाही, अंगठ्याची नखं काळी पडत नाहीत. पायथ्याच्या गावातल्या दादांना विचारायचं होतं, पावसाळ्यात धावत उतरावं का?

पायथ्याच्या गावातून

पहिल्या पावसात अजिबात नाही. वर्षभराची धूळ नुसती ओली झालेली असते, तिच्यावर कुठलाच बूट धरत नाही. महिनाभरात वाट धुऊन निघते, खालचा दगड उघडा पडतो, तेव्हा मधल्या भागात बऱ्यापैकी पकड मिळते. झाडीतल्या सावलीत शेवाळ असतं, तिथं चालायचं. जोराची सर आली की वरून दगड सुटतात, त्या दिवशी वाटच सोडा, पिठलं-भाकरी खाऊन थांबा.