तंबोरा म्हणजे गोंगाट नव्हे (आणि साउंडवाला म्हणजे नॉब फिरवणारा नव्हे)

फेडरवाला:
काल 'डेटा आणि दादरा' यांनी इथे लिहिलं, की मिक्सिंग, म्हणजे सगळ्या माईकचे आवाज प्रमाणात जुळवणं, हे शेवटी गणित, लंडनच्या संशोधकांनी ते सोडवत आणलंय आणि पाच वर्षांत कार्यक्रमाला साउंडवाला लागणार नाही. वर "नॉब फिरवायला पैसे कशाला" हेही. तिथेच दोन ओळी लिहून गप्प बसणार होतो, पण रात्रभर डोक्यात तेच घुमत राहिलं, म्हणून हा वेगळा धागा.

बावीस वर्षं पुण्यात साउंड करतोय. भरत नाट्य, टिळक स्मारक, सोसायट्यांच्या कोजागिऱ्या, सगळं झालंय. यंत्राचं मला वावडं नाही. डॅन ड्युगन नावाच्या माणसाने १९७० च्या दशकात आपोआप मिक्स करणारं यंत्र बनवलं. त्याची युक्ती आज माझ्याच डेस्कमध्ये आहे आणि परिसंवादाला सहा वक्ते असले की मी ती लावतो. एकूण आवाजात ज्या माईकचा जेवढा वाटा, तेवढा गेन, म्हणजे आवाजाची वाढ, त्याला. बोलणाऱ्याचा माईक वर येतो, बाकीचे दबतात, एकूण बेरीज तीच राहते. एकाऐवजी चार माईक सारखे उघडे राहिले की स्पीकरची शिट्टी ६ डेसिबल आधीच येते, ती कटकट वाचते.

आता हेच ख्यालाला लावा. गाणाऱ्या बाई श्वास घ्यायला थांबल्या की सगळा वाटा तंबोऱ्याचा, तो उसळून वर. त्यांनी सा लावला की तंबोरा पाण्याखाली. ज्याच्या आधारावर गायचं तोच दर श्वासाला वरखाली. हे गणित बरोबरच आहे हो, फक्त गाण्याचं नाही.

डेटा_आणि_दादरा:
व्वा. पन्नास वर्षांपूर्वीचं, बोलण्यासाठी केलेलं यंत्र घ्यायचं, त्याला ख्यालात बसवायचं आणि हरवून दाखवायचं. उद्या बैलगाडी हायवेवर नेऊन "बघा, वाहनं निकामी" म्हणा.

मी लिहिलं होतं लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या कामाबद्दल. जोशुआ राईस, एनरिके पेरेझ गोन्झालेझ ही मंडळी २००७ च्या आसपासपासून यावर लिहितायत. तिथे प्रत्येक चॅनेलचा निर्णय बाकीची सगळी चॅनेल ऐकून होतो. उंच-खालच्या सुरांच्या कुठल्या पट्ट्यात कोण कोणाला झाकतंय, ते मोजायचं आणि तेवढ्याच पट्ट्यात एकाला जागा करून द्यायची. डग्ग्याखाली पेटीचा खालचा भाग गाडला गेलाय हे यंत्राला आकड्यात कळतं. माणसाच्या कानाला कुठला आवाज किती मोठा वाटतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. यात जादू नाही, तशीच तुमच्या कामातही नाही.

आणि अनुभवच सांगायचे तर माझाही ऐका. मावसबहिणीचं पहिलं जाहीर गाणं, नाव नको, पण हॉल नदीकाठचा. पहिली चाळीस मिनिटं तबल्याखाली तिचा आवाज शोधत बसलो. साउंडवाले दादा? बाहेर, चहा. अल्गोरिदम चहाला जात नाही.

फेडरवाला:
चहाचं मान्य. आमच्यातही तसले आहेत आणि त्यांच्यामुळे मला शिव्या बसतात. पण त्याच क्वीन मेरीच्या लोकांनी एकच गाणं वेगवेगळ्या इंजिनिअरांना मिक्स करायला दिलं होतं, तेही वाचलं असेल ना? प्रत्येकाचं मिक्स निराळं आलं आणि ऐकणाऱ्यांचंही एकमत झालं नाही. मग तुमचं यंत्र नेमकं कोणाचं उत्तर काढणार?

डेटा_आणि_दादरा:
निराळं आलं, पण वाटेल तसं नाही आलं. गायकाचा आवाज बहुतेकांनी पुढेच ठेवला. जिथे सगळ्यांचं जमतं तेवढं तरी यंत्राला द्या. उरलेल्यात तुम्ही खुशाल कलाकार व्हा.

खर्जातली:
मी गाणं शिकवते, तांत्रिक काही कळत नाही. पण २०२० च्या लॉकडाउनमध्ये व्हिडिओ कॉलवर क्लास घेतले त्या प्रत्येकीला हे आठवत असेल. इकडे तंबोरा लावून बसायचं आणि तिकडून मुलगी म्हणणार, "ताई, तंबोरा ऐकूच येत नाही." ॲपने तो पंखा समजून पुसून टाकलेला! सतत, एकसारखा येतो म्हणजे गोंगाट, असं त्याला कोणीतरी शिकवलेलं. वर लांबवलेला षड्जही हळूहळू पातळ करायचं. माझी एक विद्यार्थिनी रडकुंडीला आली होती, आपला श्वास पुरत नाही असं वाटून. दोन महिन्यांनी माझ्या भाच्याने सेटिंग सापडवलं.

ज्याने ते बनवलं त्याच्या घरात तंबोरा नव्हता, एवढंच. हा गणिताचा दोष आहे की नाही, ते तुम्ही पुरुष मंडळी ठरवा.

लक्ष्मीरोडकर:
इथे तंबोऱ्याच्या नाजूकपणावर चर्चा आणि गणपतीत दहा दिवस आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात त्याचं काय? स्पीकरच्या त्या भिंतींना कुठलं इंटेलिजंट मिक्सिंग लावणार? माझे वडील ८१ वर्षांचे आहेत.

फेडरवाला:
काका, तुमचं दुःख खरं आहे, पण तुम्ही ते पुरणपोळीच्या धाग्यावरही लिहिलं होतंत.

निवृत्त_गणित:
दोघेही गणिताला बाहेरून आलेला पाहुणा समजताय. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे बसून 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने सात स्वरांच्या ५०४० ताना, म्हणजे सात स्वर एकेकदाच घेऊन होणारे सगळे क्रम, मोजल्या. नुसत्या मोजल्या नाहीत, खंडमेरू नावाचा आकड्यांचा तक्ता मांडून क्रमांकावरून तान काढायची रीत दिली, ती 'नष्ट', आणि तानेवरून क्रमांक, तो 'उद्दिष्ट'. ५०४० ओळी पाठ करायची गरज नाही. दौलताबादला सहली जातात, किल्ला बघतात, हे कोणी सांगत नाही.

दुसरं. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं, की मधल्या काळ्या शाईमुळे तबल्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत येऊन बसतात. साध्या चामड्याचे तसे बसत नाहीत. गणित आपल्या वाद्यातच आहे. उदाहरणार्थ शुद्ध गंधार. सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर गंधार ३००. पेटीत बाराही सुरांची अंतरं सारखी, म्हणून तिचा ३०२.४. पेटी या हिशेबाने बेसूरच.

काळी_चार:
झालं. मिक्सिंगच्या धाग्यावरही पेटीला चपराक. सर, शाई लावणाऱ्या कारागिराने रामन वाचले नव्हते. त्याने कानाने केलं, रामननी नंतर मोजलं. त्याच न्यायाने पेटीवाल्याचा कानही जमेस धरा की. भीमसेनजींच्या मागे आप्पा जळगावकर बसायचे, तेव्हा तुमचे २.४ कोणाला बोचले?

खर्जातली:
आप्पा एक होते. बाकीच्यांचं मी रोज ऐकते.

निवृत्त_गणित:
बोचत नाहीत असं वाटतं, कारण सवय झाली. तंबोऱ्याच्या षड्जातला पाचवा स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा वरचा स्वर, १२०० ला, पेटीच्या गंधाराचा चौथा साधारण १२०९.५ ला. सेकंदाला साडेनऊ डोल. हे मत नाही, वजाबाकी आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटी उगाच बंद नव्हती केली.

काळी_चार:
आणि १९७१ मध्ये ती बंदी उगाच सैल केली का? सर, मी गंधार ट्यूनिंगची पेटी वाजवतो. पत्ती मुळाशी घासून गंधार उतरवून घेतलाय, बसून, तंबोऱ्याशी मिळवून. आठ दिवस गेले. तुमची वजाबाकी मला शिकवू नका.

निवृत्त_गणित:
उत्तम. म्हणजे पेटी चुकीची होती, म्हणून तुम्ही दुरुस्त केलीत. आता पुढच्या गायिकेची पट्टी, म्हणजे तिचा सा, काळी दोन निघाली तर?

काळी_चार:
तर दुसरी पेटी नेतो. आहेत माझ्याकडे तीन.

निवृत्त_गणित:
आणि स्केल चेंजर, पट्ट्या सरकवून सा बदलायची पेटी?

काळी_चार:
…स्केल चेंजरला सगळं मुसळ केरात. हे एक मान्य. एवढंच.

खर्जातली:
मींडेचं, स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याचं, जे पेटीला जमत नाही, ते तर अजून कोणी बोललंच नाही.

काळी_चार:
ताई, मींडेवर आलात तर मी तुमच्या क्लासमधल्या मोबाइलच्या तंबोऱ्यावर येईन. एकच आवर्तन पुन:पुन्हा. जवारी नाही, तारेचा तो झंकार नाही, जीव नाही. त्यावर मुली तयार होतायत आणि दोष आमच्या गंधाराला.

खर्जातली:
मिरजेचे दोन तंबोरे आहेत माझ्याकडे. या ऐकायला. खोळ तुम्हीच काढा, मग कळेल रोज दोन जुळवणं म्हणजे काय.

डेटा_आणि_दादरा:
माझ्या मुद्द्याची लाज राखून कोणी परत मिक्सिंगवर येणार आहे का? ताईंच्या तंबोऱ्याचं मला पटलं, नाइलाजाने. आमच्या ऑफिसात पंख्याचा आवाज पुसणारं मॉडेल मीच वापरतो आणि त्याला तंबोरा ऐकवायचा विचार मला कधी शिवला नाही. पण याचा अर्थ त्याला तंबोरा ऐकवा. साउंडवाल्याला सिंहासनावर बसवा, असा नाही.

फेडरवाला:
सिंहासन नको, पंख्याखालची खुर्ची द्या. मार्च ते मे मागच्या कोपऱ्यात बसून दाखवा एकदा.

बरं, माझ्याकडून एक. मागच्या महिन्यात एका आजोबांच्या १९८० च्या घरगुती कॅसेटमधून गाणं आणि तबला वेगळा काढून दिला, तो यंत्रानेच. मला जन्मात जमला नसता. तबल्याच्या चॅनेलमध्ये तंबोऱ्याचे तुकडे अडकले होते, ते हाताने काढत दोन रात्री गेल्या, पण काढून दिला. आजोबा काही बोलले नाहीत, परत लावायला सांगितलं.

डेटा_आणि_दादरा:
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?

फेडरवाला:
तेव्हा चिडलो होतो.

सोसायटी_सेक्रेटरी:
नमस्कार. सगळं वाचलं, काही कळलं नाही. आमच्या क्लब हाउसमध्ये भजनी मंडळाला सहा माईक लावतो आणि दर वेळी शिट्टी येते. काय करावं?

फेडरवाला:
स्पीकर कुठे आहेत?

सोसायटी_सेक्रेटरी:
मंडळाच्या मागे, भिंतीवर.

फेडरवाला:
पुढे आणा, माईकच्याही पुढे. आणि चार माईक काढून टाका.

डेटा_आणि_दादरा:
किंवा ऑटोमिक्स लावा.

फेडरवाला:
टाळांना?