सर्पदंशाची माहिती लोक शेवटपर्यंत वाचतील अशी कशी लिहावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही सिंधुदुर्गातले काही सर्पमित्र. घरात, पडवीत, काजूच्या बागेत साप निघाला की लोक बोलावतात, आम्ही जाऊन पकडतो आणि जंगलात सोडतो. संस्थेसाठी सर्पदंशावरची माहिती नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलंय.

अडचण अशी, की नाग पकडतानाचा व्हिडिओ टाकला की तो गावभर फिरतो. साप चावल्यावर काय करायचं हे टाकलं, तर कोणी ढुंकून बघत नाही. जीव मात्र या दुसऱ्या माहितीनेच वाचणार आहे. फुरसं एवढंसं, म्हणून लोक मनावर घेत नाहीत. पण त्याच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, हिरड्यांतून रक्त येऊ लागतं. मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावतो, बऱ्याचदा ना सूज, ना ठणका. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि घरचे पित्त समजून सोडा पाजत बसतात. हे वाचणाऱ्याच्या मनात ठसेल असं कसं मांडू?

दुसरं, पोस्टरवर आम्ही ‘आवळून बांधू नका’ एवढंच लिहितो. लावणीच्या दिवसांत एका वाडीत बैठक घेतली, तेव्हा एका काकूंनी विचारलं, “बांधूचा नाय तर इख वर चढतला मा?” प्रश्न अगदी रास्त आहे. बांधल्याने विष थांबत नाही, रक्तपुरवठा मात्र तुटतो आणि हात-पाय गमवायची वेळ येते. फुरसं किंवा घोणस चावली असेल तर सुजेमुळे हे आणखीच बिघडतं. एवढं सगळं दोन ओळींत कसं बसवायचं?

तिसरं, भगताचं. बिनविषारी साप चावला किंवा विषारी सापाने विष सोडलंच नाही, तर माणूस बरा होणारच, आणि श्रेय भगताला जातं. त्याची टिंगल केली तर अख्खी वाडी आमच्याकडे पाठ फिरवेल. कोणत्या शब्दांत सांगू?

प्रतिसाद १
मी प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. तुमचं जुनं पोस्टर पाहिलंय. वर चार सापांचे फोटो आणि करायचं काय ते तळाला बारीक अक्षरांत. ते उलटं करा. ज्याच्या घरी आत्ता साप चावलाय, त्याच्यासाठी लिहा: १०८ ला फोन, माणसाला चालवू नका, चावलेला भाग हलू देऊ नका, अंगठी-बांगड्या-पैंजण सूज यायच्या आत काढा, वेळ लक्षात ठेवा. साप मारून आणू नका हे कारणासकट सांगा: आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरही एकच आहे. आणि जवळची लस कुठे आहे ते दवाखान्यात विचारून लिहा, दर महिन्याला पुन्हा विचारा. भगताबद्दल एकच वाक्य पुरे: “भगताला निरोप धाडा, पण माणूस आधी दवाखान्यात न्या.”

प्रतिसाद २
पकडतानाचे व्हिडिओ बंद करू नका, पण साप हातात धरलेला दाखवू नका. पोरं तेच करायला जातात. हूक, पिशवी, लांब उभी केलेली गर्दी दाखवा, आणि त्याच व्हिडिओत वीस सेकंद प्रथमोपचार सांगा. मालवणीत बोला.

धागाकर्ता
ताई, क्रम उलटा करायचं पटलं, आजच बदलतो. भगताचं वाक्य मात्र आधी वाडीतल्या जाणत्यांना वाचून दाखवेन. दवाखान्यातच जायला उशीर झाला तर काय, ही धाकधूक आहे. व्हिडिओंवरून संस्थेत दोन तट आहेत, हातातला साप दाखवायचा नाही यावर तरी एकमत होईल असं वाटतं. कोणी मालवणीत आवाज देणारं आहे का? बाईमाणूस असेल तर फार बरं, लावणीला आणि भातकापणीला शेतात जास्त त्याच असतात. कापणीच्या आधी रेकॉर्डिंग व्हायला हवं. जमत असेल त्यांनी व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.